रस्ते रुंद, शहर अरुंद

पुण्याची ओळख एके काळी ‘सायकलींचे शहर’ अशी होती. २०१८ च्या एप्रिलमध्ये प्रादेशिक परिवहन कार्यालयाची आकडेवारी प्रसिद्ध झाली, तेव्हा शहरातील नोंदणीकृत वाहनांची संख्या ३६ लाखांच्या पुढे गेली होती आणि लोकसंख्या ३५ लाखांच्या घरात मानली जात होती. माणसांपेक्षा वाहने जास्त झाल्याची ही बातमी तेव्हा बरीच गाजली. नोंदणी झालेले प्रत्येक वाहन रस्त्यावर धावत असतेच असे नाही. भंगारात गेलेल्या कित्येक गाड्या सरकारी नोंदवहीत वर्षानुवर्षे जिवंत असतात. ही सूट दिली तरी आकडा जे सांगतो ते बदलत नाही. घर, दुकान, शाळा आणि झाड यांच्याइतकीच जागा या शहरात आता गाडीला लागते, आणि ती जागा कोणाकडून तरी काढून घेतलेली असते.

वाहतूक कोंडीची चर्चा आपल्याकडे बहुधा एकाच वाक्यापाशी येऊन थांबते : रस्ते अपुरे आहेत. गेल्या पंचवीस वर्षांत पुण्यात या एका निदानावर उपचार करण्यात कसूर झालेली नाही. रस्ते रुंद झाले, झाडे गेली, वाडे मागे सरकले, जंगली महाराज रस्ता आणि फर्ग्युसन रस्ता एकेरी झाले, चौकाचौकांत उड्डाणपूल उभे राहिले. तरीही कोंडी हटली नाही. दुसरीकडे बससाठी स्वतंत्र मार्गिका, सायकल मार्ग, वाहनतळाचे शुल्क, रुंद पदपथ असे निराळे उपायही याच काळात करून पाहिले गेले, आणि त्यांतले बहुतेक अर्ध्यावर सोडण्यात आले. या दोन प्रकारच्या उपायांना लावलेल्या मोजपट्ट्या मात्र वेगवेगळ्या होत्या. बसमार्गिका अपुरी राहिली तेव्हा ‘बीआरटीची कल्पनाच आपल्याकडे चालत नाही’ असा निकाल देण्यात आला. उड्डाणपूल अपुरा पडला तेव्हा मात्र आणखी एक उड्डाणपूल मंजूर झाला.

सायकलींचे शहर कसे बदलले, हे पाहिल्याशिवाय या दुटप्पीपणाचे मूळ कळत नाही. साठ-सत्तरच्या दशकांतले पुणे आकाराने लहान होते. पेठा, डेक्कन, खडकीचे कारखाने, विद्यापीठ ही सगळी ठिकाणे सायकलच्या टप्प्यात होती. तासाच्या हिशेबाने सायकल भाड्याने देणारी दुकाने गल्लोगल्ली होती. पुढे पिंपरी-चिंचवडचा औद्योगिक पट्टा वाढला आणि त्याच पट्ट्यात आकुर्डीला बजाजचा स्कूटरचा कारखाना उभा राहिला. टेल्कोही तिथेच. ज्या शहराने सबंध देशाला दुचाकी पुरवली, त्याच शहराने ती सर्वांत उत्साहाने स्वीकारली, यात नवल नाही. कोथरूड, सिंहगड रस्ता, हडपसर, वडगाव शेरी अशी उपनगरे पसरत गेली, अंतरे वाढली, पण बससेवा त्या वेगाने वाढली नाही. १९५० पासूनच्या पीएमटीने आणि १९७४ पासूनच्या पीसीएमटीने आपापल्या हद्दी सांभाळल्या. दोन्ही शहरांत रोज ये-जा करणाऱ्या माणसाला त्या हद्दीशी काहीही देणेघेणे नव्हते. मधली पोकळी सहाआसनी रिक्षांनी भरली. दोन्ही बससेवांचे एकत्रीकरण होऊन पीएमपीएमएल स्थापन व्हायला २००७ साल उजाडावे लागले.

पुणेकर दुचाकीस्वाराला बेशिस्त म्हणून हिणवण्याची पद्धत आहे. वास्तविक तो बसने टाकून दिलेला प्रवासी आहे. वीस मिनिटे थांबून बस येईल की नाही याची खात्री नसलेल्या माणसाने हप्त्यावर गाडी घेतली, तर तो त्याचा शहाणपणाच म्हणावा लागेल. पुढे उत्पन्न वाढले, मुले झाली, पावसाळ्यात भिजणे नको झाले, की हाच माणूस चारचाकीकडे वळतो. एकेकाचा निर्णय पाहिला तर त्यात चूक काढता येत नाही. चूक आहे ती या लाखो निर्णयांना दुसरा रास्त पर्यायच न ठेवणाऱ्या नियोजनाची.

आता जागेचा हिशेब पाहू. शहरातील रस्ता ही सर्वांच्या मालकीची आणि सहसा न वाढणारी जमीन आहे. बारा मीटर लांबीच्या बसमध्ये साठ माणसे सहज जातात. हीच साठ माणसे मोटारींतून निघाली आणि एका मोटारीत सरासरी दीड माणूस धरला, तर चाळीस मोटारी लागतील. रखडत चाललेल्या रांगेत एका मोटारीला पुढच्या-मागच्या अंतरासह सात मीटर धरले, तरी ही रांग २८० मीटरची होते. अलका टॉकीजच्या चौकात हिरवा दिवा लागल्यावर किती वाहने सुटली याची मोजणी होते. किती माणसे सुटली याची होत नाही. उभ्या मोटारीचा हिशेब तर आणखी बोलका आहे. उघड्या वाहनतळात एका मोटारीसाठी, वळण्याच्या जागेसह, सुमारे २३ चौरस मीटर जागा धरण्याचा नियोजनकारांचा प्रघात आहे. पंतप्रधान आवास योजनेत आर्थिकदृष्ट्या दुर्बल कुटुंबाच्या घराची चटई क्षेत्राची मर्यादा मुळात ३० चौरस मीटर होती. घरासाठी माणूस वीस-वीस वर्षे कर्ज फेडतो; मोटारीला मात्र जवळजवळ तेवढीच जागा भर बाजारपेठेत फुकट किंवा नाममात्र शुल्कात मिळावी, अशी आपली अपेक्षा असते. अमेरिकेतील अर्थतज्ज्ञ डोनाल्ड शूप यांनी २००५ मध्ये फुकट पार्किंगच्या या छुप्या किमतीवर एक जाडजूड ग्रंथच लिहिला. त्यांचे म्हणणे सोपे होते : पार्किंग फुकट नसते, त्याचे पैसे फक्त गाडी नसलेले लोकही भरत असतात.

रस्ता रुंद केल्यावर कोंडी काही महिने कमी होते आणि मग परत येते, हा अनुभव प्रत्येक शहराने घेतला आहे. कारण गूढ नाही. रस्ता मोकळा दिसला की जे लोक पूर्वी बसने जात, वेळ बदलून जात, किंवा जातच नसत, ते गाडी काढतात. बिल्डर त्या रस्त्याच्या टोकाला नव्या इमारती उभ्या करतात. नवी जागा नवी वाहने भरून काढतात. टोरोंटो विद्यापीठातील जिल ड्युरांटन आणि मॅथ्यू टर्नर या अर्थशास्त्रज्ञांनी २०११ मध्ये अमेरिकेतील महानगरांचा अभ्यास प्रसिद्ध केला. मोठ्या रस्त्यांची लांबी ज्या प्रमाणात वाढली, जवळपास त्याच प्रमाणात त्यांवरून धावलेले वाहन-किलोमीटर वाढले, असा त्यांचा निष्कर्ष होता. अर्थात, यावरून कोणताही रस्ता कधीच बांधू नये असे ठरत नाही. नव्या वस्त्यांना रस्ते लागतात, रुग्णवाहिकेला आणि मालट्रकलाही लागतात. पण कोंडी फोडण्यासाठी म्हणून रस्ता रुंद करणे, हा उपाय स्वतःच आपले यश गिळून टाकतो.

या संदर्भात २००६ हे वर्ष लक्षात ठेवण्याजोगे आहे. त्या वर्षी तीन गोष्टी घडल्या.

पहिली स्वीडनमध्ये. स्टॉकहोम शहराने जानेवारी ते जुलै असे सात महिने मध्यवर्ती भागात शिरणाऱ्या मोटारींवर शुल्क आकारण्याचा प्रयोग केला. लोकमत सुरुवातीला विरोधात होते. प्रशासनाने मात्र एक गोष्ट आधीच केली होती : शुल्क सुरू होण्यापूर्वी, २००५ च्या ऑगस्टपासूनच सुमारे दोनशे जादा बसगाड्या रस्त्यावर आणल्या होत्या. शुल्क लागू झाल्यावर सीमेवरून आत-बाहेर जाणारी वाहतूक सुमारे एक पंचमांशाने घटली. जुलैअखेर प्रयोग थांबवला गेला. सप्टेंबरमध्ये सार्वमत झाले, त्यात शहरवासीयांच्या बहुमताने शुल्काच्या बाजूने कौल दिला आणि २००७ च्या ऑगस्टपासून ते कायमचे झाले. लंडनमध्ये २००३ च्या फेब्रुवारीत असेच शुल्क आले होते. सिंगापूरने तर १९७५ मध्येच मध्यवर्ती भागात परवाना सक्तीचा केला होता. स्टॉकहोमचे वैशिष्ट्य हे, की तिथे प्रयोग पुरा केला, मोजला, आणि मग लोकांना विचारले.

दुसरी गोष्ट दिल्लीत. केंद्र सरकारने एप्रिल २००६ मध्ये राष्ट्रीय नागरी वाहतूक धोरण मंजूर केले. रस्त्याची जागा वाटताना वाहनांचा नव्हे तर माणसांचा विचार व्हावा, असे त्यात स्वच्छ म्हटले होते. जवाहरलाल नेहरू राष्ट्रीय नागरी पुनर्निर्माण अभियान त्याच्या काही महिने आधी, २००५ च्या डिसेंबरात सुरू झाले होते. त्यामुळे धोरणही होते आणि पैसाही.

तिसरी गोष्ट पुण्यात. डिसेंबर २००६ मध्ये कात्रज-स्वारगेट-हडपसर मार्गावर देशातील पहिली प्रायोगिक बीआरटी सुरू झाली. कल्पना दक्षिण अमेरिकेतली. कोलंबियाची राजधानी बोगोटा येथे महापौर एन्रिके पेन्यालोसा यांच्या कारकिर्दीत आखलेली ‘ट्रान्समिलेनियो’ ही सेवा २००० च्या डिसेंबरात धावू लागली होती. रस्त्यातली मार्गिका फक्त बससाठी, चढण्याआधी तिकीट, फलाट बसच्या पायरीच्या उंचीला, आणि एकामागून एक गाड्या, अशी ती व्यवस्था. रेल्वेचे गुण बसला द्यायचे आणि खर्च रेल्वेच्या काही अंशांत भागवायचा, हे तिचे सूत्र.

पुण्याने यातले काय घेतले? मार्गिका घेतली, तीही तुकड्यातुकड्यांनी. स्वारगेटसारख्या मोठ्या चौकात, म्हणजे जिथे बसला प्राधान्याची सर्वांत जास्त गरज तिथेच ती संपत असे आणि बस पुन्हा सगळ्या गर्दीत मिसळत असे. थांबे रस्त्याच्या मध्याकडे सरकले, पण तिथपर्यंत पोहोचण्यासाठी प्रवाशाला वेगवान वाहनांच्या प्रवाहातून वाट काढावी लागे. सुरक्षित ओलांडणीची व्यवस्था मागाहून सुचली. मार्गिकेत दुचाकी आणि मोटारी घुसत, त्यांना अडवायला माणसे कधी असत, कधी नसत. अपघात झाले, त्यांच्या बातम्या झाल्या, आणि ‘बीआरटी म्हणजे मृत्यूचा सापळा’ अशी प्रतिमा पक्की झाली. या टीकेतला बराच भाग खरा होता. परंतु ती टीका अर्धवट कामावरची होती, तिचा रोख मात्र कल्पनेवर वळवण्यात आला. अहमदाबादने २००९ मध्ये ‘जनमार्ग’ सुरू केला तेव्हा पुण्याच्या चुका पाहून बंदिस्त मार्गिका आणि नीट बांधलेली स्थानके आधी उभी केली. पिंपरी-चिंचवडनेही २०१५ पासून आपल्या हद्दीत हे काम बरेच बरे केले. पुण्यात नगर रस्त्यावर मार्ग सुरू व्हायला २०१६ उजाडले आणि २०२३-२४ मध्ये वाहतुकीला अडथळा होतो या कारणाने तो काढून टाकण्यात आला. अडथळा कोणत्या वाहतुकीला, हा प्रश्न विचारण्याजोगा होता. तिथली बस ही वाहतूक नव्हती काय?

दिल्लीत याच प्रश्नावर न्यायालयात वाद झाला. तिथली बीआरटी २००८ मध्ये सुरू झाली होती. मोटारीतून जाणारे लोक संपत्ती निर्माण करतात आणि बससाठी राखलेल्या मार्गिकेमुळे त्यांचा वेळ वाया जातो, असा युक्तिवाद तिच्याविरुद्धच्या याचिकेत होता. दिल्ली उच्च न्यायालयाने ऑक्टोबर २०१२ मध्ये ही याचिका फेटाळली. तरीही २०१६ मध्ये दिल्ली सरकारने तो मार्ग तोडलाच. न्यायालयात हरलेला युक्तिवाद रस्त्यावर जिंकला, असे म्हणावे लागते.

आता उड्डाणपुलांकडे वळू. सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठाच्या चौकातील पूल २००८ च्या राष्ट्रकुल युवा क्रीडा स्पर्धेच्या आसपासच्या वर्षांतले. गणेशखिंड रस्त्याचे रुंदीकरणही त्या काळातलेच. कोंडी काही काळ हलली, मग पुलाच्या दोन्ही तोंडांशी येऊन बसली. जुलै २०२० मध्ये, टाळेबंदीतली शांतता साधून, हे पूल पाडण्यात आले. मेट्रो मार्गिकेला ते आड येत होते. सिमेंट-काँक्रीटच्या बांधकामाचे आयुष्य पिढ्यांनी मोजायचे असते, यांचे दीड दशकाच्या आतबाहेर भरले. त्यांच्या जागी दुमजली पुलाची आखणी झाली आणि २०२५ च्या ऑगस्टमध्ये त्याची एक बाजू वाहनांसाठी खुली झाली. मधली पाच वर्षे त्या चौकात लोकांनी जे हाल सोसले, ते औंध-बाणेरकडे राहणाऱ्यांना सांगायला नको. चांदणी चौकातला जुना पूलही ऑक्टोबर २०२२ मध्ये स्फोटकांनी उडवण्यात आला. बघायला गर्दी झाली होती. मुद्दा पूल पाडण्याचा नाही. विद्यापीठ चौकातील पूल फसल्यावर ‘उड्डाणपूल ही कल्पनाच आपल्याकडे चालत नाही’ असे कोणी म्हटल्याचे आठवते का?

पार्किंगची कहाणी याहून छोटी आहे. महापालिकेने मार्च २०१८ मध्ये पार्किंग धोरण मंजूर केले. रस्त्यावर गाडी उभी करायची तर भागानुसार आणि वेळेनुसार शुल्क भरायचे, असा त्याचा गाभा होता. विरोध इतका झाला की मंजुरी देतानाच ते काही निवडक रस्त्यांपुरते प्रायोगिक म्हणून उरले, आणि तो प्रयोगही धडपणे झाला नाही. त्या आधीच्या वर्षाअखेरीस भाडेतत्त्वावरील सायकलींची योजना मोठ्या उत्साहात आली होती. मोबाइलवर कुलूप उघडायचे, कुठेही सायकल सोडायची, अशी ती सोय. दोनेक वर्षांत सायकली दिसेनाशा झाल्या. सायकल मार्ग सलग नव्हते. जिथे होते तिथे त्यांवर दुचाकी उभ्या होत्या, रोहित्रे होती, टपऱ्या होत्या. सायकलस्वाराला धोका पत्करायला लावून ‘लोकांना सायकल नको आहे’ असा निष्कर्ष काढणे सोयीचे असते.

नेदरलँड्समध्ये लोक जन्मजात सायकलप्रेमी आहेत, असा एक समज आपल्याकडे आहे. तो खरा नाही. दुसऱ्या महायुद्धानंतर तिथेही मोटारी वाढल्या, जुन्या वस्त्या पाडून रुंद रस्ते काढण्याच्या योजना झाल्या, आणि सायकल मागे पडू लागली. १९७१ या एका वर्षात त्या छोट्या देशात रस्त्यांवर तीन हजारांहून अधिक माणसे मरण पावली, त्यांत चारशेहून अधिक मुले होती. ‘मुलांच्या हत्या थांबवा’ अशा थेट नावाची चळवळ त्यातून उभी राहिली. पाठोपाठ १९७३ चे तेलसंकट आले, रविवारी मोटारी बंद ठेवण्याचा हुकूम निघाला आणि मोकळ्या रस्त्यांवर लोकांनी पुन्हा सायकली काढल्या. आज आपण ज्या सायकल मार्गांची छायाचित्रे कौतुकाने पाहतो, ते या संतापातून आणि त्यानंतरच्या अनेक वर्षांच्या चिकाटीतून आले आहेत. आपल्या देशात २०२२ मध्ये रस्ते अपघातांत १ लाख ६८ हजार ४९१ माणसे मरण पावली. त्यांत ३२ हजार ८२५ पादचारी होते. पाच मृतांत जवळजवळ एक, ज्याने कोणतेही वाहन चालवले नाही आणि ज्याच्यामुळे कोणालाही धोका नव्हता. आपल्याकडे या आकड्यावरून अजून तसे काही पेटलेले नाही.

पुण्यात चालणाऱ्याची बाजू घेणारे लोक मात्र पहिल्यापासून आहेत. ‘परिसर’सारख्या संस्था आणि नागरिकांचे गट अनेक वर्षे पदपथ आणि बस यांचाच आग्रह धरत आले. त्याचा परिणामही झाला. २०१६ मध्ये महापालिकेने पादचारी धोरण स्वीकारले, त्याच सुमारास जंगली महाराज रस्त्याच्या काही भागात आणि औंधला पदपथ रुंद झाले, बसायला बाके आली. व्यापाऱ्यांची तक्रार आधी होती की गिऱ्हाईक गाडी कुठे लावणार. त्या रस्त्यावर संध्याकाळी एक फेरी मारली तर गिऱ्हाईक चालत आलेले दिसते. २०२१ पासून ११ डिसेंबरला लक्ष्मी रस्त्याचा काही भाग एक दिवस वाहनांसाठी बंद ठेवून ‘पादचारी दिन’ पाळला जातो. वर्षातून एक दिवस. एरवी त्या रस्त्यावर खरेदीला येणाऱ्या बाईने एका हातात पिशवी आणि दुसऱ्या हातात मूल धरून रिक्षा आणि स्कूटर यांच्या फटीतून जायचे असते.

आक्षेप अनेक आहेत आणि ते सगळेच स्वार्थाचे नाहीत. रात्रीच्या पाळीवरून घरी येणाऱ्या मुलीने बसची वाट पाहावी, असे सांगणारा माणूस बहुधा स्वतः गाडीत बसलेला असतो. गुडघे दुखणाऱ्या ज्येष्ठ नागरिकाला थांब्यापर्यंतचा उंचसखल पदपथच ओलांडता येत नाही. एकेरी रस्त्यांमुळे जाण्याचा थांबा एका रस्त्यावर आणि परतीचा भलत्याच रस्त्यावर, ही गैरसोय गाडीवाल्याला जाणवतही नाही. हे सारे खरे आहे. पण ही यादी नीट वाचली तर ती मोटारीच्या बाजूची नाही. ती चांगल्या बससेवेच्या आणि धड पदपथाच्या बाजूची आहे. महिलांसाठी मार्च २०१८ मध्ये सुरू झालेल्या ‘तेजस्विनी’ गाड्यांना आणि २०२१ च्या जुलैत मध्य भागात आलेल्या दहा रुपयांत दिवसभर प्रवासाच्या ‘पुण्यदशम’ बसला लोकांनी पाठ दाखवली नाही. २०१२ च्या १ नोव्हेंबरला एका वृत्तपत्रसमूहाच्या पुढाकाराने ‘बस डे’ झाला, जादा गाड्या रस्त्यावर आल्या आणि एरवी बसकडे न फिरकणारे पुणेकर त्या दिवशी रांगेत उभे राहिले. दुसऱ्या दिवशी जादा गाड्या परत गेल्या, आणि पुणेकरही.

गाड्यांचीच वानवा आहे, हे मूळ दुखणे. केंद्राच्या नागरी विकास खात्याच्या मानकांनुसार सेवेची उत्तम पातळी गाठायची तर दर लाख लोकसंख्येमागे ६० बसगाड्या हव्यात. २०११ च्या जनगणनेत पुणे आणि पिंपरी-चिंचवड महापालिकांची मिळून लोकसंख्या ४८ लाखांवर होती. त्या जुन्या आकड्यानेही सुमारे २,९०० गाड्या लागतात. नंतर वाढलेली वस्ती आणि नव्याने समाविष्ट झालेली गावे यात धरलेली नाहीत. पीएमपीएमएलचा ताफा वर्षानुवर्षे दोन हजारांच्या आसपास घुटमळत राहिला आहे, त्यातल्या काही रोज दुरुस्तीसाठी आगारातच असतात. फेब्रुवारी २०१९ पासून विजेवरच्या गाड्या आल्या ही चांगली गोष्ट. पण त्या जुन्या गाड्यांच्या जागी आल्या, जोडीला कमीच. जून २०२५ मध्ये किमान भाडे पाचवरून दहा रुपये झाले.

या संस्थेला होणारी तूट दोन्ही महापालिका ६० आणि ४० टक्के अशी वाटून घेतात आणि दरवर्षी अंदाजपत्रकाच्या वेळी ‘पीएमपीचा तोटा’ असा मथळा येतो. उड्डाणपुलावर झालेला खर्च मात्र कधीच तोटा नसतो; तो विकास असतो. पुलावरून जाणाऱ्या मोटारीकडून महापालिका एक पैसा वसूल करत नाही, म्हणजे तो संपूर्ण खर्च अनुदानच आहे. बसला दिलेल्या अनुदानाचा हिशेब प्रवाशामागे पैशांत काढला जातो, पुलाला दिलेल्याचा काढलाच जात नाही.

मेट्रोने हे चित्र बदलेल, अशी आशा अनेकांना आहे. मार्च २०२२ मध्ये वनाज-गरवारे महाविद्यालय आणि पिंपरी-फुगेवाडी हे दोन तुकडे सुरू झाले, ऑगस्ट २०२३ मध्ये ते जिल्हा न्यायालयापाशी जोडले गेले, आणि सप्टेंबर २०२४ मध्ये भुयारी मार्गाने मेट्रो स्वारगेटला पोहोचली. प्रवास सुखाचा आहे यात वाद नाही. पण मेट्रो काही मोजक्या रेषांवर धावते; शहर त्या रेषांच्या दोन्ही अंगांना पसरलेले आहे. स्थानकातून बाहेर पडल्यावर पुढच्या दोन किलोमीटरांसाठी बस नसेल आणि चालायला पदपथ नसेल, तर स्थानकाबाहेर दुचाकींचे वाहनतळ तेवढे वाढतील. महागडी मेट्रो आणि फुकट पार्किंग एकाच रस्त्यावर ठेवणे म्हणजे एका हाताने दिवा लावून दुसऱ्याने फुंकर मारणे आहे.

दरम्यान जुनी वाट सोडण्याची चिन्हे कमीच आहेत. विधी महाविद्यालय रस्त्यावरची कोंडी कमी करायची म्हणून टेकडीच्या अंगावरून बालभारती ते पौड फाटा असा सुमारे दोन किलोमीटरचा रस्ता काढण्याचा प्रस्ताव अनेक वर्षे मागे-पुढे होत राहिला. २०२३ च्या एप्रिलमध्ये वेताळ टेकडी वाचवण्यासाठी नागरिक मोठ्या संख्येने रस्त्यावर उतरले. हा रस्ता झाल्यास दर तासाला किती वाहने पलीकडे जातील, यावर बरीच चर्चा झाली. त्याच खर्चात विधी महाविद्यालय रस्त्यावर दर तीन मिनिटांना एक बस किती वर्षे चालवता येईल, हा तक्ता त्या प्रस्तावाला जोडलेला असता तर निर्णय कदाचित वेगळ्या प्रकाशात दिसला असता.

असा तक्ता जोडणे अवघड नाही. बीआरटीच्या बाबतीत प्रवासी किती, वेळ किती वाचला, अपघात किती झाले, हे सारे प्रश्न महापालिकेच्या सभागृहात विचारले गेले आणि ते योग्यच होते. तेच प्रश्न प्रत्येक उड्डाणपुलाला आणि रुंदीकरणाला विचारले जावेत. प्रस्तावात वाहनांबरोबर माणसांची संख्या असावी, पायी जाणाऱ्याला ओलांडायला किती सेकंद मिळतील ते लिहिलेले असावे, तेवढ्याच पैशांत किती बसगाड्या आल्या असत्या हे नमूद असावे. आणि काम पूर्ण झाल्यावर दोन वर्षांनी त्याच चौकात पुन्हा मोजणी करून तिचे आकडे प्रसिद्ध करावेत. विद्यापीठ चौकातील नव्या पुलापासून याची सुरुवात करता येईल. त्याची दोन वर्षे ऑगस्ट २०२७ मध्ये भरतात.